खिडकीपासून अठरा मीटर

त्युमेन, १४ ऑक्टोबर २०१६

प्रिय फाया,

इथे येऊन तीन आठवडे झाले आणि आज कुठे पत्र लिहायला बसले, म्हणून आधीच ओरडा खाऊन घेते. ओरडून झालं? बरं, आता ऐक.

ग्लेबचं घर सतराव्या मजल्यावर आहे. माझ्या खोलीला भिंतभर खिडकी. सकाळी पडदा सारला की सगळं त्युमेन खाली पसरलेलं असतं, नदी, पूल, आणि आमच्यासारख्याच चोवीस मजली इमारती, नव्या कवळीतल्या दातांसारख्या ओळीने. सून गोड आहे. इंगाने माझ्यासाठी जाड उशी शोधून आणली. दोघं आठला कामाला जातात, सातला येतात. मधल्या वेळात घरात मी असते आणि कपडे वाळवायचं मशीन असतं. काम संपलं की ते गाणं वाजवतं, असं इंगा म्हणते.

लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे आहेत. आत चार माणसं असली की डझनभर दिसतात, आणि त्यातलं एकही नमस्कार करत नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "नमस्कार, मी सतराव्यावरच्या ग्लेबची आई." एका मुलीने कानातली गाणी ऐकायची बोंडं काढून "काय?" विचारलं. मी पुन्हा सांगेपर्यंत तिचा मजला आला.

अंगण देखणं आहे. लाल रबराची फरशी, तीन घसरगुंड्या, दिवे. फक्त टेकायला जागा नाही. दाराशी एक बाकडं नाही, फाया. दोनशे सोळा फ्लॅट आहेत या इमारतीत. काल मी घसरगुंडीच्या पायरीवर बसले तर पहारेकरी वालेरी आला आणि त्याने पाटी दाखवली: 'फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.' मी म्हटलं, "बाबा, मी सदुसष्टची आहे." तो म्हणाला, "म्हणूनच."

बाकी मजेत आहे. गेल्या हिवाळ्यात बर्फावर मोडलेला पाय आता कुरकुरत नाही. ग्लेबने मला आणलं ते बरंच केलं. फोन मात्र करू नकोस. इतक्या उंचावर लाइन नीट लागत नाही. पत्र लिही.

माझ्या जागेवर कोण बसतं गं हल्ली?

तुझी,
रिम्मा


इझेव्स्क, २९ ऑक्टोबर २०१६

रिम्माबाई,

ओरडून झालेलं नाही. सतराव्या मजल्यावर म्हणे फोन लागत नाही. अगं, लोक अवकाशातून फोन करतात. सरळ सांग ना, मोठ्या शहरात गेल्यावर फायाचा कंटाळा आला. गेल्या वेळी मी विचारलं, "काय जेवलीस?" तर तू म्हणालीस, "मंगळवारी." वर "हो, हो" करून फोन ठेवलास. अठ्ठावीस वर्षं मी ट्राम चालवली. उतरायची घाई झालेला माणूस मला पाठीमागूनही ओळखू येतो.

तुझ्या जागेवर कुणी बसत नाही. पहिले दोन आठवडे मानाने बसत नव्हते, आता तिसऱ्या मजल्यावरच्या अव्गुस्ताचं मांजर बसतं म्हणून बसत नाहीत. पुरुषांचा डॉमिनो चालू आहे. तुझा फ्लॅट घेतलेलं जोडपं, मारात आणि दीना, त्यांना चार महिन्यांचं बाळ आहे. मारात बरा आहे, पोरगी शिष्ट. आम्ही बाकड्यावर बसलो की स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घेते. पंचेचाळीस वर्षांत त्या खिडकीने असं कधी केलं नव्हतं. तू तर उलट खिडकीतूनच आम्हाला लोणच्याची काकडी द्यायचीस.

बाकडं नाही म्हणजे काय? माग. तुझा ग्लेब इमारतीच्या समितीवर आहे ना? इंजिनीअर आहे, चार फळ्या आणि दोन लोखंडी पाय त्याला जड नाहीत. आणि रिम्मा, तू आयुष्यभर नकाशे काढलेस. शहरातल्या निम्म्या शाळा तुझ्या पेन्सिलीखालून गेल्या. घसरगुंडीवर कसली बसतेस?

फाया


त्युमेन, २० नोव्हेंबर २०१६

प्रिय फाया,

ग्लेबला विचारलं. तो म्हणाला, "बघू." लहानपणापासून त्याचा 'बघू' म्हणजे नाही. मी जास्त विचारलं तर त्याने बशी उचलली आणि मोरीत ठेवायला गेला. अजून निम्मं जेवण त्यात होतं.

मग मी वालेरीला धरलं. तो मनाने वाईट नाही, नुसता पाट्यांच्या आड राहतो. त्याने सांगितलं की बाकडी होती. इमारत झाली तेव्हा दाराच्या दोन्ही अंगांना दोन होती. तीन वर्षांपूर्वी रहिवाशांनी सह्या करून काढायला लावली. आता पुन्हा बसवायची तर दोन तृतीयांश घरांची संमती लागेल. म्हणजे एकशे चव्वेचाळीस सह्या.

मी जुना नकाशा मागून बघितला. ज्याने काढला त्याने बाकडी भिंतीला चिकटवली होती, बरोब्बर पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली. कागदावर छान दिसतं, समतोल. आमच्या ऑफिसातले साहेब असंच करायचे. स्वतः चौथ्या मजल्यावर राहायचे.

तर मी यादी केली आणि दारं ठोठावायला लागले. वरून सुरुवात केली, कारण खाली उतरणं माझ्या पायाला सोपं. आत्तापर्यंत बावीस दारं. सात उघडली. एका बाईला वाटलं मी धर्मप्रचाराला आलेय. एका माणसाने माझ्याकडून रक्तदाब मोजून घेतला, त्याला वाटलं मी दवाखान्यातून आले. मी मोजला, यंत्र त्याचंच होतं. मग त्याने सही केली.

दाराच्या थेट वर, पहिल्या मजल्यावर रवील नावाचा गडी राहतो. तो उत्तरेला गॅसच्या विहिरींवर काम करतो. एक महिना तिकडे रात्रपाळी, एक महिना घरी. घरी आला तरी शरीर तिकडच्याच वेळेवर चालतं, दिवसा झोपतो. त्याने मला आत बोलावलं, चहा दिला, आणि म्हणाला, "आजी, माणूस म्हणून तुम्ही मला आवडलात. पण बाकडं आलं की बायका येणार, बायका आल्या की सूर्यफुलाच्या बिया येणार, आणि बी फोडल्याचा आवाज मला झोपेत ऐकू येतो. सही नाही करणार." मला त्याचं म्हणणं पटलं. काय करावं कळत नाही.

रिम्मा


इझेव्स्क, १० डिसेंबर २०१६

रिम्मा,

रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये एवढंही तुला मी सांगायचं? पेरेपेची कर. राईच्या पिठाच्या छोट्या वाट्या, आत अंडं नाहीतर मशरूम. गरम पेरेपेची हातात धरून कुणी दार लावू शकत नाही, हात मोकळा राहत नाही. त्या रवीलला दोन जास्त दे. आणि वरून खाली नको, संध्याकाळी साडेसातला लिफ्टपाशी उभी राहा. पळून कुठे जातील.

आमच्याकडे पहिला मोठा बर्फ पडला. अंगणात बर्फातून पायवाट कुणी काढायची यावरून डॉमिनोवाल्यांची आणि आमची जुंपली. शेवटी मारातने एकट्याने सगळी वाट मोकळी केली आणि ती कशी काढायला हवी होती ते आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला सांगितलं.

एक कळव. ती जुनी बाकडी काढायचा अर्ज कुणी केला होता? अर्ज म्हटला की पहिली सही कुणाची तरी असते. कोण तो दीडशहाणा, ज्याला म्हाताऱ्या बायका बसलेल्या बघवत नाहीत? नाव कळव मला. तिकीट काढून येते आणि त्याच्या तोंडावर विचारते की तुझी आई कुठे बसते रे.

तुझी,
फाया


त्युमेन, १५ जानेवारी २०१७

फाया,

तू विचारलंस म्हणून वालेरीकडून तो अर्ज मागून घेतला. पहिली सही ग्लेबची आहे.

मी त्याला विचारलं. या वेळी त्याने बशी उचलली नाही. टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत करत त्याने सांगितलं.

अनातोली घर सोडून गेला तो ऑगस्ट तुला आठवत असेल. ग्लेब अकरा वर्षांचा होता. मी कामावर होते. तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता, खिडकी उघडी होती, आणि खाली बाकड्यावर तुम्ही सगळ्या होतात. तू म्हणालीस, "नवऱ्याचा काय दोष, रिम्माला घरापेक्षा नकाशे प्यारे. आणि पोरगं बघा, हुबेहूब बाप. तेही एक दिवस असंच तिला टाकून जाईल." शब्दन् शब्द त्याला पाठ आहे. तुझा आवाज होता, असं तो म्हणाला. हुबेहूब काढूनही दाखवला.

मला वाटायचं, माझा पाय मोडला म्हणून त्याने मला इथे आणलं. तो म्हणाला, "आई, मी वीस वर्षं घर घ्यायला पैसे जमवत होतो. त्यात तुझी खोली असणार हे बाराव्या वर्षीच ठरवलं होतं." बाकड्यांबद्दल त्याने एवढंच सांगितलं की इथे कुठल्याही मुलाला खिडकीतून असलं काही ऐकायला लागू नये.

मी तीस वर्षं त्या बाकड्यावर तुझ्या शेजारी बसले. तू मला वाईट दिवसांत सांभाळलंस हेही खरं. पण काही दिवस मी लिहिणार नाही.

रिम्मा


इझेव्स्क, २ फेब्रुवारी २०१७

ग्लेब,

तुझ्या आईला लिहायचं धाडस होत नाही म्हणून तुला लिहिते. तू हे फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

ते मी बोलले होते. आठवतं मला. काय दिवस होता, कुठला फ्रॉक घातला होता, सगळं. अव्गुस्ता म्हणाली, बिचारी रिम्मा, आणि मला वाटलं मीही काहीतरी शहाणपणाचं बोलावं. एवढंच कारण. दुसरं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. त्या वेळी वर बघितलं असतं तर तू दिसला असतास. खिडकी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. मी वर बघितलं नाही.

त्यानंतर मी तुला शाळेत नेलं-आणलं, ट्रामच्या केबिनमध्ये उभं केलं, तुझ्या गालगुंडावर उपचार केले. ते मी त्यातून वजा करायला सांगत नाही. वजा होत नाही ते. मी चुकले, आणि तुझ्याबद्दल तर पारच चुकले. तू कुणाला टाकून जाणारा नव्हतास. अकरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर असलं ओझं ठेवणाऱ्या बाईची मला लाज वाटते, आणि ती बाई रोज माझ्याच आरशात दिसते. मला माफ कर असं म्हणत नाही. तुला जमलं तर बघ, नाहीतर राहू दे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त घाईची. तुझ्या आईला ऐकू येत नाही. मला आधी वाटलं ती माझ्यावर नाराज आहे. मग तिची पत्रं परत काढून वाचली. ती म्हणते मशीन गाणं वाजवतं 'असं इंगा म्हणते'. ती म्हणते फोन करू नकोस. मी जेवणाचं विचारलं तर ती वार सांगते. तुम्ही दिवसभर बाहेर असता, रात्री जेवताना ती हसून मान डोलावत असेल आणि तुम्हाला वाटत असेल म्हातारी मजेत आहे. तिला कानाच्या डॉक्टरकडे ने. ती नाही म्हणेल. तरी ने.

लोकांच्या घरात नाक खुपसायची सवय मला आहेच. या वेळी तिचा काही उपयोग होतो का बघ.

फाया मावशी


त्युमेन, २६ फेब्रुवारी २०१७

फाया मावशी,

पत्र फाडलं नाही. दोन दिवस कोटाच्या खिशात घेऊन फिरलो.

आधी आईचं सांगतो. तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. उजवा कान जवळजवळ गेलाय, डाव्याला अर्धं ऐकू येतं. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" तर ती म्हणाली, "दोन वर्षं, पण कुणाला सांगू नका." मी शेजारीच उभा होतो. पाच महिने एका घरात राहून मला कळलं नाही आणि तुम्हाला आठशे किलोमीटरवरून कळलं. मी त्या रात्री इंगाला म्हटलं, मला बाकड्यावरच्या बायकांची भीती उगाच वाटत नव्हती.

कानाचं यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल.

त्या जुन्या गोष्टीचं. मावशी, मी अजून रागावलेलो आहे, पण पूर्वीइतका नाही. तुमचं पत्र वाचताना तुमचा आवाज कानात येत होता आणि त्याच आवाजाने मला ट्राममध्ये 'घंटा वाजव रे' असं सांगितलेलंही आठवलं. दोन्ही तुम्हीच. मला याचं काय करायचं ते समजेल हळूहळू.

आता गंमत ऐका. आईने एकशे एकतीस सह्या जमवल्या आहेत. ऐकू येत नव्हतं म्हणून ती प्रत्येक दारात कागदावर आपलं म्हणणं लिहून न्यायची आणि लोकांचं तोंड बघत राहायची. आमच्या इमारतीत कुणी कुणाचं तोंड इतका वेळ बघितलेलं नाही. लोक तिला सगळं सांगतात. नवव्या मजल्यावरच्या लिल्याने जुळ्यांना तिच्या हातात देऊन तासभर झोप काढली. लिफ्टमध्ये आता मला नमस्कार करतात. "तुम्ही रिम्मा येगोरोव्नांचे ना?" असं विचारतात. सहा वर्षं मी इथे राहतो, पहिल्यांदाच कुणाचा तरी आहे.

तिने नकाशा काढलाय. बाकडी भिंतीपाशी नकोत, वाट जिथे मैदानाकडे वळते त्या कोपऱ्यात, वाऱ्याकडे पाठ करून. दोन बाकडी काटकोनात, म्हणजे बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसतील. का, ते आता मला कळलं. मी तिला म्हटलं, "अंतर किती?" ती म्हणाली, "तूच मोज. तुझ्याच कानाने ठरव."

म्हणून गेल्या शनिवारी उणे चौदा तापमानात आम्ही चाचणी घेतली. मी आणि इंगा खाली घडीच्या खुर्च्यांवर, हातात बियांची पिशवी. रवील वर खिडकी उघडून. शेजारी आई, तिला परीक्षक व्हायचंच होतं. बारा मीटरवर रवीलला बी फोडल्याचा आवाज आला. पंधरावर इंगाचं हसणं ऐकू आलं, ती काय म्हणाली तेही, आणि ते त्याच्या मिशीबद्दल होतं. अठरा मीटरवर त्याने दोन्ही हात वर केले. काही नाही. आई म्हणाली, "मला तर बारावरही काही ऐकू आलं नाही, सही करून टाक." तो इतका हसला की खालपर्यंत, अठरा मीटरवर, आम्हाला स्वच्छ ऐकू आलं.

त्याने सही केली. त्याच्या खाली मी केली.

ग्लेब


त्युमेन, ८ मार्च २०१७

फाया,

महिला दिनाच्या शुभेच्छा. कानात यंत्र बसलं. ते कपड्यांचं मशीन खरंच गाणं वाजवतं, आणि बेसूर वाजवतं. लिफ्ट बोलते. ग्लेब झोपेत घोरतो, अगदी त्याच्या आजोबांसारखा.

तू त्याला लिहिलेलं पत्र त्याने मला वाचायला दिलं. मी ते तीनदा वाचलं.

रविवारी अकराला फोन कर. लाइन लागते.

रिम्मा


इझेव्स्क, २४ एप्रिल २०१७

माझी रिम्मा,

गेले सात रविवार फोनवर तुझा आवाज ऐकूनही पत्र लिहितेय, कारण ही गोष्ट फोनवर सांगताना मी हसून हसून वाक्य पुरं करू शकणार नाही.

तुझ्या ग्लेबने ते अठरा मीटरचं लिहिलं तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा होता. बर्फ वितळल्यावर मी मोजपट्टी घेऊन गेले. आपलं बाकडं तुझ्या जुन्या खिडकीपासून दीड मीटरवर आहे. दीड, रिम्मा. मग मी दीनाचं दार वाजवलं, पेरेपेची घेऊन. विचारलं, "पोरी, आम्ही बसलो की खिडकी का लावतेस?" ती लाजली. म्हणाली, "आजी, बाळ झोपतं. आणि... तुम्ही माझ्याबद्दल बोलता ते ऐकू येतं." मी काय बोलले होते ते मी तिला विचारलं नाही. मला माहीत होतं.

या शनिवारी अंगणाची वार्षिक सफाई होती. सगळे झाडू, फावडी घेऊन जमले होते. मी डॉमिनोच्या टेबलावर चढले, अव्गुस्ताने मला धरलं, आणि जाहीर केलं की बाकडं हलवायचं. असा गोंधळ झाला म्हणून सांगू. अव्गुस्ता म्हणाली, "मी इथे त्रेचाळीस वर्षं बसतेय." मी म्हटलं, "म्हणून तर." डॉमिनोवाले म्हणाले, हलवा, पण आमच्याकडे नको. शेवटी बर्च झाडांखाली, कपडे वाळत घालायच्या खांबांपलीकडे जागा ठरली. मग कळलं की बाकड्याचे पाय सिमेंटमध्ये गाडलेत, आणि ते सिमेंट ट्राम कारखान्यातून माझ्याच नवऱ्याने आणलेलं होतं, देव त्याला शांती देवो. मारात आणि चार जणांनी पहारीने तीन तास खणलं. आम्ही शेजारी उभं राहून कसं खणायचं ते सांगितलं. बाकडं निघालं तेव्हा खालच्या मातीत बियांच्या टरफलांचा वीतभर थर होता. आपला.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी होती. थोड्या वेळाने दीना बाळाला घेऊन आली, हातात चक-चकची, मधात घोळलेल्या तळणीची बशी, आणि आमच्यात बसली. बाळ अव्गुस्ताच्या चष्म्याला लटकलं. तिथून काहीच ऐकू जात नाही. मारातला मी खिडकीत उभं करून खात्री केली.

तुमचं काय झालं? सह्या पुऱ्या झाल्या का?

तुझी,
फाया


त्युमेन, ५ जून २०१७

फाया,

एकशे एक्कावन्न. हव्या होत्या त्यापेक्षा सात जास्त. शिवाय एक वालेरीची, त्याचा इथे फ्लॅट नाही म्हणून धरता येत नव्हती, तरी त्याने केली.

मे महिन्यात बाकडी आली. रवीलने सुट्टीतून दोन दिवस काढून पाय पुरले, सरळ आहेत की नाही ते मी पाणसळ लावून तपासलं. अंतर मोजायचा मान ग्लेबचा. पहिल्या संध्याकाळी कुणीच बसलं नाही. लोक पिशव्या घेऊन यायचे, बाकड्यांकडे बघायचे, एखाद्या नव्या गाडीकडे बघतात तसे, आणि आत जायचे. मी एकटी बसले होते, उगाच यंत्र नीट करत. मग लिल्या जुळ्यांची गाडी घेऊन आली, मग तो रक्तदाबवाला, मग लिफ्टमधली ती कानात बोंडं घालणारी मुलगी. तिने बोंडं काढली. मी यंत्र दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं जास्त छान आहे." तिचं नाव येसेनिया, आणि ती व्हायोलिन शिकवते.

आता रोज संध्याकाळी जागा मिळत नाही. तिसऱ्या बाकड्यासाठी अर्ज करायचं चाललंय. वालेरीला पाटी लावायची होती, कसली ते त्याला ठरवता येईना, तेव्हा मी त्याला बसवून घेतलं.

एक नियम आम्ही केलाय, लिहून नाही, तोंडीच. जो तिथे नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. पाळणं फार कठीण आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही निम्मा वेळ गप्पच होतो. मग येसेनिया म्हणाली, "मग स्वतःबद्दल बोलू या," आणि तेव्हापासून कुणी थांबत नाही.

काल रविवार होता. दुपारी ऊन होतं, बाकीचे लोक नदीवर गेले होते, मी एकटीच बसले होते. ग्लेब कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आला. पिशवी टाकली, परत निघाला, दारापर्यंत गेला आणि वळला. आला आणि दुसऱ्या बाकड्यावर बसला, काटकोनात, माझ्याकडे तोंड करून. तीन वर्षांपूर्वी ज्याने सही केली होती तो. आधी त्याने फळी हाताने दाबून बघितली, इंजिनीअर ना. मग माझ्या पिशवीतून मूठभर बिया घेतल्या.

"अनातोली आता कुठे असतो, तुला माहीत आहे का गं?" त्याने विचारलं. बाबा म्हणाला नाही, नाव घेतलं. सत्तावीस वर्षांत त्याने हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता, आणि मीही आपण होऊन कधी काही सांगितलं नव्हतं. मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

चाळीस मिनिटं बसलो आम्ही. इंगाने वरून हात केला, आम्हाला दिसलं नाही, तिनेच नंतर सांगितलं. उठताना त्याने मला हात दिला आणि म्हणाला, "उद्या परत येतो. फाया मावशी ऑगस्टमध्ये येणार आहेत ना, त्यांना सांग, माझ्या शेजारी बसा म्हणून."

तर ऑगस्टमध्ये ये. तिकीट आत्ताच काढ. तुझी उशी इंगाने आणून ठेवली आहे. बाकी सगळ्या इमारतीचं तुला इत्थंभूत सांगेन, त्या त्या माणसाला समोर बसवून. पण काल दुपारी ग्लेब आणि मी काय बोललो ते मात्र सांगणार नाही, फाया. तूही विचारू नकोस.

तुझीच,
रिम्मा